पिशवीवरचा गोल आर

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छपाई युनिटमध्ये संगणकाच्या पडद्यावर बेदाण्यांची पिशवी मोठी करून ठेवली होती. निफाडकडचे एक शेतकरी आता स्वतःच्या नावानं बेदाणे विकणार होते. त्यांचा आग्रह एकच, नावाच्या खांद्यावर वर्तुळातला ‘आर’ हवा.

“काका, सर्टिफिकेट आलं का?” डिझाइन करणाऱ्या मुलीनं विचारलं.

“अर्ज केलाय. नंबर मिळालाय.”

“मग टीएमच टाकते.”

तिचा हा ठामपणा मला फार आवडला. टीएम म्हणजे ट्रेडमार्क असल्याचा नुसता दावा. तो लावायला अर्जही लागत नाही. गोल आर मात्र नोंदणी झाल्याचं सांगतो. अर्जाची तपासणी होते, नाव जर्नलमध्ये छापून येतं, हरकतीसाठी चार महिने जातात आणि मगच दहा वर्षांची नोंदणी हाती पडते. त्याआधी गोल आर छापला तर ते खोटं विधान ठरतं. 1999च्या ट्रेडमार्क कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होती. 2023च्या जनविश्वास कायद्यानं कैद काढून आर्थिक दंड ठेवला.

सेवांसाठी परदेशात एसएम लिहितात. आपल्या कायद्यात ट्रेडमार्कमध्येच सेवा येतात, त्यामुळे मिसळीच्या हॉटेलच्या पाटीवरही टीएम चालतो.

खरी कसोटी पुढे होती. ग्रॅव्हूर छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा कोरलेला सिलिंडर असतो. खूण रंगीत पार्श्वभूमीतून पांढरी कापून काढली, तर उद्या टीएमचा आर करताना त्या पार्श्वभूमीचे सगळे सिलिंडर नव्यानं कोरावे लागतात. तिनं नावामागे पांढरी पट्टी घेतली आणि खूण फक्त काळ्यात ठेवली. म्हणजे पुढे एकच सिलिंडर बदलायचा. अक्षरही थोडं वाढवलं, कारण फार बारीक ठेवलं की शाईनं त्याची पोकळी बुजते. ग्राहकाच्या पैशाची इतकी काळजी घेणारं काम बघताना बरं वाटतं.

काकांना नावात ‘नाशिक’ही हवं होतं. पिशवीवर गावाचं नाव खुशाल छापावं, पण त्यावर एकट्याची मालकी सांगता येत नाही, आणि ते योग्यच आहे. द्राक्षांमागची ही ओळख साऱ्या जिल्ह्याच्या कष्टाची आहे.

निघताना मी काकांना पहिली पिशवी आणि पहिल्या विक्रीची बिलं जपून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या कुणी तेच नाव नंतर वापरायला घेऊन नोंदवलं, तरी त्याआधीपासून सलग वापर करणाऱ्याला तो रोखू शकत नाही. ट्रेडमार्क कायद्याचं कलम 34 तसं सांगतं, पण वापर कधीपासूनचा हे कागदानंच दाखवावं लागतं.