शेतातले नमुने, श्वासातले नमुने

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा 'रोग आणि औषधे सोडून काहीतरी लिहा' अशी प्रेमळ ताकीद दिली. गणिताची आवड मला शाळेपासूनची. म्हणून निसर्गात आढळणाऱ्या गणिती नमुन्यांवर लिहावे असे ठरविले. लिहिता लिहिता विषय फिरून दवाखान्यातच आला, त्याबद्दल मंडळाची आधीच क्षमा मागतो.

खजुरीच्या शिवारात पूर्वी सूर्यफुलाची पिवळीधमक शेते बरीच दिसत. आता त्यांतली पुष्कळशी जागा तुरीने घेतली आहे, तरी एखादा पट्टा अजूनही भेटतो. फूल पिकून खाली वाकले की त्याची तबकडी हातात घेऊन निरखावी. बिया सरळ रांगांत नसतात. मध्यापासून कडेकडे वळत जाणाऱ्या फेरांत बसलेल्या असतात. काही फेर उजवीकडे वळतात, काही डावीकडे. धीराने मोजले तर बहुधा एका बाजूला ३४ आणि दुसऱ्या बाजूला ५५, किंवा मोठ्या फुलात ५५ आणि ८९ असे आकडे येतात. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९ ही ती मालिका. यातला प्रत्येक आकडा आधीच्या दोहोंची बेरीज असतो.

फुलाला बेरीज कोणी शिकविली? उत्तर साधे आहे. वाढत्या शेंड्यावर नवा अंकुर फुटतो तो जुन्या अंकुरांपासून जिथे सर्वांत अधिक मोकळी जागा असेल तिथे. हॉफमाइस्टर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने हे १८६८ मध्ये मांडले. प्रत्येक अंकुर आधीच्यापासून ठरावीक कोनात वळून येतो असे समजा. तो कोन १२० अंशांचा असता तर चौथा अंकुर पहिल्याच्याच रेषेत आला असता. तीन सरळ ओळी आणि मध्ये रिकाम्या फटी, इतकेच उरले असते. प्रत्यक्षात कोन १३७.५ अंशांच्या जवळपास असतो. या कोनाने कितीही फेऱ्या मारल्या तरी कोणतीच ओळ पुन्हा नेमकी जुळत नाही, म्हणून जागा वाया जात नाही. १९९२ मध्ये डुआदी आणि कूदे या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी चुंबकीय द्रवाचे एकमेकांना दूर ढकलणारे थेंब एकामागून एक सोडून हाच नमुना प्रयोगशाळेत घडविला. त्या थेंबांत जीवही नव्हता आणि बीही नव्हते.

ही मालिका फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते, कारण १२०२ च्या त्याच्या ग्रंथात सशांच्या जोड्यांचे उदाहरण आहे. परंतु आपल्याकडे ती त्याआधी छंदःशास्त्रात आली होती. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. तर पाच मात्रांचे चरण किती प्रकारे रचता येतील? शेवटचे अक्षर लघु असेल तर उरलेल्या चार मात्रांचे सगळे प्रकार, गुरू असेल तर तीन मात्रांचे सगळे प्रकार. म्हणजे ५ अधिक ३, एकूण ८. विरहांकाने हा नियम सांगितला आणि हेमचंद्राने इ.स. ११५० च्या सुमारास तो पुन्हा मांडला. वृत्तांचे लघु-गुरू पाठ करताना कंटाळलेल्या आमच्या पिढीला हे कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

आणि गणितासाठी आपल्याला फार दूर जाण्याचेही कारण नाही. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील, सेडम तालुक्यातले, कागिणा नदीकाठचे मालखेड. नृपतुंग अमोघवर्षाच्या राजवटीत, इ.स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्य या जैन पंडिताने 'गणितसारसंग्रह' रचला. त्यात त्याने क्षेत्रफळे काढायला घेतलेल्या आकृत्या पाहाव्यात: यवाच्या दाण्याचा आकार, मृदंगाचा आकार, शंखाचा आकार. डोळ्यांसमोरच्या वस्तू उचलून त्याने मापायला घेतल्या. अनेक वस्तूंमधून काही निवडण्याचे प्रकार किती, याचा सर्वसाधारण नियमही त्याने दिला. तो नियम सहा रसांना लावला तर ६३ जोडण्या मिळतात, आणि सुश्रुतसंहितेत रसभेदांची संख्या तीच आहे. आम्हा डॉक्टरांपैकी मालखेडचा किल्ला किती जणांनी पाहिला आहे, हा प्रश्न मी सभेत विचारणार नाही; मीही तो पन्नाशी उलटल्यावरच पाहिला.

येथे एक सावधगिरी. शंख, मानवी चेहरा, मंदिर, सर्वत्र 'सुवर्ण गुणोत्तर' शोधण्याचे वेड सध्या फार बोकाळले आहे. त्यातले बरेच ओढूनताणून आणलेले असते. इंग्लंडमध्ये २०१२ साली लोकांनी घरोघरी लावलेली ६५७ सूर्यफुले तपासण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बहुतेक फेर मालिकेत बसले, पण सगळे नाही. नमुना खरा असतो. तो प्रत्येक वेळी असतोच असे नाही.

हे मला मान्य करावयास लावणारी घटना सुमारे वीस वर्षांपूर्वीची. जवळच्या वस्तीवरचा अडीच वर्षांचा मुलगा छातीतल्या घरघरीसाठी आला. थंडीचे दिवस, पूर्वी दोनदा असाच त्रास, वडिलांना दमा. सगळा नमुना जुळत होता. मी वाफारा दिला, औषधे दिली. बरे वाटे आणि पुन्हा घरघर सुरू होई. तीन आठवडे असे गेले. चौथ्या खेपेस मुलाचे ओठ निळसर दिसले, तेव्हा दोन्ही बाजूंचे श्वास शांतपणे ताडून ऐकले. उजवीकडे हवा स्पष्टपणे कमी जात होती. काही गिळले होते का, असे विचारताच आई म्हणाली, "साहेब, म्या पयल्याच दिशी सांगितलं हुतं की. अंगणात सूर्यफुलाच्या बिया वाळत घातल्या हुत्या, तिथं खेळताना ठसका लागला पोराला."

तिने खरोखरच सांगितले होते. मी ऐकले नव्हते.

श्वासनलिकेचेही एक गणित आहे. ती दोन फांद्यांत फुटते, प्रत्येक फांदी पुन्हा दोहोंत. अशा सुमारे २३ पिढ्या. दोनाचा तेविसावा घात ८३ लाखांहून अधिक होतो. मरे याने १९२६ मध्ये रक्तवाहिन्यांसाठी काढलेला काटकसरीचा हिशेब इथे लावला तर प्रत्येक फांदी मागच्या नळीच्या ०.७९ पट रुंद असावी. प्रत्यक्षात मानवी फुप्फुसात हे प्रमाण ०.८५ च्या आसपास आहे. मोरुआ, वाइबेल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याचा अर्थ लावला: अगदी काटेकोर काटकसरीचे झाड थोड्याशा आकुंचनानेही गुदमरेल, म्हणून ही जास्तीची रुंदी. शरीराने हिशेबात थोडी ढील ठेवली आहे.

मुलांजवळ मात्र ती ढील फार थोडी. नळीतील विरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. ४ मिलिमीटर व्यासाच्या नळीत सभोवार १ मिलिमीटर सूज आली की २ मिलिमीटर उरतात आणि विरोध १६ पट होतो. ८ मिलिमीटरच्या नळीत तीच सूज विरोध जेमतेम तिप्पट करते. उजवी श्वासनलिका डावीपेक्षा रुंद आणि सरळ, म्हणून बी बहुधा तिकडेच उतरते. ओलाव्याने फुगते, भोवती सूज आणते.

त्याच रात्री मुलाला सोलापूरला पाठविले. सोबत चिठ्ठी दिली आणि तीत तीन आठवड्यांची माझी औषधयोजना लपविली नाही. दुर्बिणीने बी निघाले, अर्धे कुजलेले. मूल वाचले. आणखी दोन दिवस मी वाफाराच देत राहिलो असतो तर काय झाले असते, हा हिशेब मी पुष्कळदा केला आहे.

पुढच्या हंगामात त्याची आई एक भलीमोठी तबकडी पदराखाली झाकून घेऊन आली. "साहेब, तुमी फुलं मोजता म्हणं." गावात काय काय पसरते! रुग्ण संपल्यावर मी टेबलावर तबकडी ठेवून टाचण्या लावत फेर मोजले. एका बाजूला ३४ आले. दुसऱ्या बाजूला ५४ आले. टाचण्या काढून पुन्हा मोजले, मग कंपाउंडरला मोजायला बसविले. चोपन्नच.