गोकर्णाचा केक हिरवा का होतो?

गोकर्णाची दहा-बारा निळी फुलं हिरवे देठ काढून अर्धी वाटी गरम पाण्यात टाकली, की बघता बघता पाकळ्या फिक्या पडतात आणि पाणी शाईसारखं निळं होतं. ते पाणी घालून केलेला केक मात्र निळाच बाहेर येईल, याची खात्री नसते. कडा तपकिरी, वरचा भाग करडा आणि कापल्यावर आतून शेवाळी हिरवा, असाच तो पुष्कळदा निघतो. बाल्कनीत वेल वाढवायचा, रोज सकाळी फुलं खुडायची, सावलीत वाळवून बरणीत साठवायची आणि एवढं करून मुलाच्या वाढदिवसाला हिरवट केक कापायचा, म्हणजे हिरमोड होणारच. यात दोष फुलाचा नसतो आणि बहुतेक वेळा करणाऱ्या हाताचाही नसतो. रंग बदलण्याची कारणं ठरलेली आहेत. ती कळली की निळा रंग राखता येतो.

गोकर्णाचा निळा, जास्वंदीचा लाल, जांभळाच्या सालीचा जांभळा, हे सगळे रंग अँथोसायनिन या एकाच रंगद्रव्य-कुळातले. हे कुळ पाण्यात सहज विरघळतं आणि आंबट-खाराला लगेच दाद देतं. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबाचे चार थेंब पिळले तर ते जांभळं होतं, आणखी पिळलं तर गुलाबीकडे झुकतं. त्याच पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर ते हिरवं होतं. केकच्या मिश्रणात नेमका हाच सोडा असतो. त्याला पुरेल इतकं दही, लिंबू किंवा व्हिनेगर पडलं नाही, तर उरलेला सोडा मिश्रण खारं करतो आणि निळ्याचं हिरवं होतं. पाव चमचा सोड्याला साधारण अर्धी वाटी आंबट दही लागतं, आणि अनेक कृतींत तेवढं नसतं.

दुसरं कारण अगदी साधं आहे. लोणी पिवळं, अंड्याचा बलक पिवळा. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होणार.   

फुलाच्या रंगावरून आंबट-खार ओळखण्याची ही युक्ती विज्ञानाच्या इतिहासातही मानाची आहे. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६४ साली रंगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने व्हायोलेट या जांभळ्या फुलांचं सरबत पांढऱ्या कागदावर टाकून केलेले प्रयोग दिले आहेत: आम्ल घातलं की तांबडं, अल्क घातलं की हिरवं. हे सरबत तेव्हा इंग्लंडमधल्या औषधविक्रेत्यांकडे मिळणारी नेहमीची वस्तू होती. प्रयोगशाळेतल्या लिटमस कागदाशी शाळेत सर्वांची ओळख होते. त्यामागचं तत्त्व गोकर्णाच्या वेलावर रोज सकाळी उमलत असतं.

मग निळा केक करायचा तरी कसा? बलक टाळून फक्त अंड्याचा पांढरा भाग घ्यावा, लोण्याऐवजी वास नसलेलं तेल आणि नारळाचं दूध वापरावं. नुसत्या सोड्याऐवजी बेकिंग पावडर घ्यावी, कारण तिच्यात सोड्याच्या जोडीला आम्लही असतं. ओव्हन १६० अंश सेल्सिअसच्या पुढे नेऊ नये आणि अर्धा वेळ झाल्यावर वर फॉइल झाकावा, म्हणजे माथा भाजून तपकिरी होत नाही. गोकर्णाचा निळा रंग त्याच कुळातल्या इतर रंगांपेक्षा उष्णतेला बराच टिकतो, हे आपल्या पथ्यावर पडतं.

खरं तर या फुलाला भाजण्यापेक्षा उकड मानवते. मलेशियात नासी केराबू हा निळा भात आणि तिथल्या पेरानाकान लोकांची निळी झाक असलेली चिकट तांदळाची मिठाई पिढ्यान्‌पिढ्या होते. दोन्हींत तांदूळ पांढरा, सोडा नाही, आणि शिजवणं वाफेवर. उकडीच्या मोदकाला हे तिन्ही नियम आपोआप लागू पडतात. उकड काढताना पाण्याच्या जागी गोकर्णाचं पाणी घेतलं तर मोदक स्वच्छ निळे होतात, आणि जूनमध्ये पेरलेला वेल भाद्रपदात ऐन बहरात असतो.

एक सावधगिरी मात्र सांगायलाच हवी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये गोकर्णाच्या फुलांचा अर्क खाद्यरंग म्हणून मान्य केला. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने मात्र २०२२ मध्ये वाळवलेल्या फुलांबाबत आक्षेप नोंदवले. या वनस्पतीतली काही प्रथिनासारखी द्रव्यं पुरेशी तपासली गेलेली नाहीत, असं तिचं म्हणणं. रंगापुरती फुलं अधूनमधून वापरणं वेगळं आणि रोज पेलाभर काढा पिणं वेगळं. गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि शेंगांमधल्या बिया कोणीच खाऊ नयेत.

झेंडूचा स्वभाव याच्या अगदी उलट. त्याचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिनॉइड गटातला, मुख्यतः ल्युटीनचा. तो पाण्यात नाही, तुपात उतरतो, आणि सोड्याने किंवा लिंबाने बदलत नाही. पाकळ्यांच्या बुडाशी पांढरट टोक असतं ते कडू. तेवढं कात्रीने काढून टाकावं. उरलेल्या पाकळ्या कोमट तुपात तासभर ठेवून गाळल्या, तर ते तूप नानकटाईला केशराचा भास व्हावा असा रंग देतं. केशराचा वास त्यात नसतो, त्यामुळे वेलदोडा हात राखून घालू नये. दसऱ्याशी इतका एकजीव झालेला झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा, हे अनेकांना ठाऊक असतं. पण बाजारच्या केकमध्ये तो आधीच पोहोचलेला असतो, हे फारसं ठाऊक नसतं: अंड्याचा बलक गडद दिसावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात झेंडूचा अर्क मिसळण्याची पद्धत जगभर आहे.

गुलाबाकडून रंगाची अपेक्षा ठेवू नये, वासाची ठेवावी. हा वास उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो, म्हणून केकच्या मिश्रणात गुलाबपाणी ओतून तासभर भाजलं तर वास घरभर पसरतो आणि केकमध्ये जेमतेम राहतो. केक निवल्यावर त्यावर गुलाबाचा पाक शिंपडणं किंवा आयसिंगमध्ये गुलाबपाणी घालणं जास्त हिताचं. इराणी मंडळींना हे चांगलं कळलेलं आहे. तांदळाच्या पिठाची, गुलाबपाणी आणि वेलदोडा घातलेली, वर खसखस लावलेली नान-ए-बेरेंजी ही खुसखुशीत बिस्किटं इराणात नवरोजला होतात; ती मंद आचेवर, रंग येऊ न देता भाजतात. मुंबईत ग्रँट रोडची १९१४ सालची मेरवान आणि पुण्यातली १९५५ सालची कयानी या बेकऱ्या ज्या समाजाने उभ्या केल्या, त्याची मुळं त्याच इराणात आहेत.

आपल्याकडे वास टिकवण्याचा उपाय म्हणजे गुलकंद. साखर पाकळ्यांतलं पाणी ओढून घेते आणि वास धरून ठेवते. त्यासाठी गुलाब मात्र देशी हवा. लांब दांड्याचा, फुलवाल्याकडे मिळणारा गुलाब फुलदाणीत टिकण्यासाठी पैदास केलेला असतो आणि त्याला फारसा वास नसतो.

इथेच बाल्कनीचा प्रश्न येतो. दादरच्या फुलबाजारात किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात फुलं हवी तेवढी मिळतात, मग कुंड्यांचा खटाटोप कशाला? कारण बाजारातलं फूल हार-तुऱ्यासाठी पिकवलेलं असतं, खाण्यासाठी नव्हे. त्यावर कोणती फवारणी केव्हा झाली, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि भाजीवर फवारणी आणि तोडणी यांत जे अंतर राखावं लागतं, ते फुलांच्या बाबतीत पाळायचं कारणच कोणाला नसतं. पाकळी धुऊन हे सगळं जातं असंही नाही, कारण काही औषधं झाडाच्या आतून फिरतात. नर्सरीतून आणलेल्या रोपालाही हेच लागू. त्यावरचा पहिला बहर देवाला वाहावा; नवी फूट येऊन त्यावर फुलं धरली की ती स्वयंपाकघरात घ्यावीत. केकला पाकळ्या लागतात त्या मूठभर, आणि मूठभर फुलं द्यायला चार कुंड्या पुरतात. बाजारभावाने विकण्याइतकी फुलं बाल्कनी कधीच देणार नाही, पण ओव्हनची गरज भागवायला ती पुरून उरते.

फूल दिसायला सुंदर म्हणून केकवर ठेवलं, ही चूक शहरातल्या मोठमोठ्या समारंभांतही होते. कण्हेर, लाल असो वा पिवळी, पानापासून बीपर्यंत विषारी. धोतरा आणि कळलावीही तशाच. सदाफुलीतून कर्करोगावरची औषधं काढतात, यावरूनच तिची ताकद ओळखावी. ती खाण्याचं फूल नव्हे. चाफ्याचा चीक तोंडाला आणि त्वचेला त्रास देतो. नुसतं सजावटीला ठेवलंय, खायचं नाही, ही सबबही चालत नाही, कारण क्रीम त्या देठाला लागलेलं असतं आणि पाहुण्यांत लहान मुलं असतात. आपल्याला नक्की ओळखता येत नाही ते फूल ताटात येऊ नये.

गोकर्ण लावायला सगळ्यात सोपा. बी टणक असतं. सँडपेपरवर हलकं घासून रात्रभर पाण्यात ठेवलं की लवकर रुजतं. बारा इंची कुंडी, तळाला भोक, मातीत एक तृतीयांश शेणखत किंवा गांडूळखत आणि चढायला खिडकीची जाळी, एवढं त्याला पुरतं. हे झाड वाटाण्या-हरभऱ्याच्या कुळातलं, मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र धरून देतात. त्यामुळे नत्राचं खत वारंवार घातलं तर पानं माजतात आणि फुलं रुसतात. ऊन मात्र पाच-सहा तास हवंच. इमारतीच्या उत्तरेकडच्या बाल्कनीत तो नुसता लांबत जातो.

झेंडूचं रोप वीतभर झालं की शेंडा खुडावा. जिवावर येतं, पण त्यानेच फांद्या फुटतात. दसऱ्याच्या तोरणातली वाळकी फुलं कुस्करून पेरली तरी रोपं येतात. संकरित वाणाची असली तर मूळ फुलासारखी येतीलच असं नाही. देशी गुलाबाला मोठी कुंडी आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरची छाटणी. या सगळ्यांवर हमखास येणारे पाहुणे म्हणजे मावा आणि पिठ्या ढेकूण. खायच्या फुलांच्या झाडाला आधी पाण्याचा जोरदार फवारा द्यावा, कापसाने किडे पुसावेत. तरी नाही गेले तर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचं पाणी, तेही संध्याकाळी आणि कळ्या सोडून.

साखरेच्या पाकळ्या हा बेकऱ्यांत महाग मिळणारा प्रकार घरी सहज होतो. पाकळीला अंड्याच्या पांढऱ्याचा किंवा खाण्याच्या डिंकाच्या पातळ पाण्याचा हात द्यायचा, बारीक साखर भुरभुरायची आणि जाळीवर वाळवायची. मात्र जुलैत याच्या नादी लागू नये. कोकणपट्टीतल्या पावसाळी हवेत साखर पाणी धरते, पाकळी वाळायच्या आधी बुरसते, आणि सकाळी भाजलेली नानकटाईसुद्धा रात्रीपर्यंत मऊ पडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा खरा हंगाम.

या सगळ्या यादीत ज्याला मानाचं पान मिळायला हवं, ते झाड बहुतेक बाल्कन्यांमध्ये नसतंच: लाल अंबाडी. महाराष्ट्र तिला पालेभाजी म्हणून ओळखतो; तूरडाळ, कण्या आणि लसणाची फोडणी घातलेली अंबाडीची भाजी भाकरीबरोबर खाल्ली जाते. विदर्भात तिच्या लाल बोंडांची चटणी आणि सरबतही करतात. ही बोंडं म्हणजे फूल गळल्यावर फुगलेला मांसल निदलपुंज. त्यात रंग आहे, आंबटपणा आहे आणि जाम घट्ट करणारं पेक्टिनही आहे. रंग तांबडा ठेवायला लागणारं आम्ल झाड स्वतःच पुरवतं, म्हणून गोकर्णासारखी मिनतवारी करावी लागत नाही. तिचा जास्तीचा आंबटपणा सोड्याशी जुळतो आणि केक फुगायलाही मदत करतो.

जूनमध्ये पंधरा इंची कुंडीत दोन बिया टोचाव्यात आणि सशक्त रोप ठेवावं. पावसाळाभर वरची पानं भाजीला खुडत राहावं, म्हणजे झाड बुटकं आणि डेरेदार राहतं. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय ती कळ्या धरत नाही; रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली कुंडी असेल तर बहर लांबतो, तेव्हा ऑगस्टअखेर ती अंधाऱ्या कोपऱ्याकडे सरकवावी, पण दिवसाचं ऊन चुकू देऊ नये. फूल गळल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात, बोंड कोवळं असतानाच तोडावं. आतली बी काढून बाहेरची मांसल दलं थोड्या पाण्यात शिजवावीत, वजनाइतकी साखर घालून आटवावं. थंड बशीवर टाकलेला थेंब पसरला नाही की जाम झाला. नानकटाई थापताना मधोमध अंगठ्याने खळगा करून त्यात तो भरावा आणि मग भाजावं.