एचआयव्ही प्रतिबंध सेवा नीट चालते की नाही, हे कसे मोजतात?

दवाखान्यात एक प्रश्न नेहमी येतो: “डॉक्टर, गरोदरपणात एचआयव्हीची चाचणी मोफत होते, औषधेही सरकारी केंद्रात मोफत मिळतात. मग बाळाला संसर्ग होतोच कसा?” बहुतेक वेळा याचे कारण औषध निकामी ठरले हे नसते. मधला एखादा टप्पा सुटलेला असतो.

आकडे काय सांगतात?

काहीच उपचार न घेतल्यास आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. योग्य उपचारांनी ती ५ टक्क्यांच्या खाली येते. मात्र त्यासाठी हे पाच टप्पे पूर्ण व्हायला हवेत:

१. गरोदरपणात लवकर चाचणी
२. निदान होताच एआरटी औषधे सुरू
३. प्रसूतीपर्यंत औषधे न चुकता घेऊन रक्तातील विषाणूंचे प्रमाण कमी ठेवणे
४. जन्मानंतर लगेच बाळाला औषध आणि ६ आठवड्यांनी पहिली तपासणी
५. १८ महिन्यांनी अंतिम तपासणी

समजा, प्रत्येक टप्प्यावर ९० टक्के काम झाले. ऐकायला छान वाटते. पण संसर्ग असलेल्या १०० गरोदर स्त्रियांपासून सुरुवात केली, तर पुढे ९०, ८१, ७३, ६६ आणि शेवटी ५९ उरतात. म्हणजे ४१ माय-लेकरे वाटेत कुठेतरी निसटली. म्हणून “किती चाचण्या झाल्या?” एवढेच विचारून भागत नाही. शंभरातले किती जण शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचले आणि गळती नेमकी कुठे झाली, हे पाहावे लागते.

शेवटची तपासणी इतक्या उशिरा का?

आईच्या रक्तातील प्रतिपिंडे बाळाच्या शरीरात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. त्यामुळे साधी चाचणी बाळाला संसर्ग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. सहाव्या आठवड्याला थेट विषाणू शोधणारी पीसीआर तपासणी करतात ती यासाठीच. ती निगेटिव्ह आली की अनेक कुटुंबे निर्धास्त होतात आणि येणे थांबवतात. पण बाळ अंगावर पीत असेल, तर धोका पूर्ण टळलेला नसतो.

आपल्याकडे गळती कुठे होऊ शकते?

लालबाग-परळ-गिरगावातल्या कितीतरी घरांत बाळंतपण माहेरी, कोकणात किंवा घाटावर होते. नोंद केईएम किंवा नायरमध्ये, प्रसूती गावच्या रुग्णालयात आणि बाळाची तपासणी कुठे होणार ते कोणालाच ठाऊक नाही, असे घडू शकते. सासरी सांगितलेले नसेल, तर औषधाच्या बाटल्या लपवताना डोसही चुकतात.

म्हणून चांगल्या मोजमापात फक्त संख्या नसते. औषध किती दिवसांत सुरू झाले? समुपदेशन आडोशाला झाले की रांगेत सगळ्यांसमोर? रुग्ण आला नाही, तर गुप्तता राखून पाठपुरावा झाला का? हेही पाहिले पाहिजे. गळतीचा दोष बाईवर टाकून मोकळे होता येत नाही, कारण अशी गळती व्यवस्थेतली उणीवही दाखवते.

तुम्ही काय करू शकता?

- गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत चाचणीबद्दल विचारा.
- गावी जाण्याआधी एआरटी केंद्रात सांगा. पुरेशी औषधे, पत्र आणि तिथल्या जवळच्या केंद्राचे नाव घ्या.
- व्हायरल लोड तपासणी कधी झाली आणि पुढची कधी, हे विचारा.
- बाळाच्या ६ आठवडे, ६ महिने, १२ महिने आणि १८ महिन्यांच्या तारखा लसीकरणाच्या तारखांबरोबर लिहून ठेवा.
- डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध किंवा अंगावर पाजणे अचानक बंद करू नका.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. चाचणीसाठी तुमची संमती घेणे आणि माहिती गुप्त ठेवणे त्यानुसार बंधनकारक आहे. शंका असल्यास १०९७ या मोफत हेल्पलाइनवर फोन करा.

एखादी तारीख चुकली असेल, तर संकोचाने घरी बसू नका. आई आणि बाळ दोघांनीही आजच केंद्रात जा. उशीर झाला तरी सुटलेला टप्पा पुन्हा धरता येतो.