आबांना घेऊन भंडारदऱ्याला



गळीत हंगाम आटोपला, ऊसबिलाचा हप्ता हाती पडला, की आपल्याकडे सहलीचे बेत ठरू लागतात. पंढरपूर, तुळजापूर, त्र्यंबकेश्वर ही ठिकाणे ठरलेलीच. थोडी ऐपत असली तर तिरुपती, रामेश्वर. घरातील वडीलधारी माणसे या यात्रांना आवर्जून जातात आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे ते पाणी जिथून निघते, ते ठिकाण आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिले आहे? बांधावरची चारी आपल्याला ठाऊक, चारीच्या वरचा पाट ठाऊक, पाटकऱ्याचे तर घरदार ठाऊक. त्यापुढे मात्र आपली ओळख संपते.

आमचे आबाही त्यातलेच. वय वर्षे ब्याऐंशी. सारा जन्म प्रवरेच्या पाटावर गेला. नेवाशाला पैस खांबाच्या दर्शनाला ते वर्षातून दोनदा तरी जाणार. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच प्रवरेच्या काठी. तिथून पुढे प्रवरासंगमाला ही नदी गोदावरीला मिळते. म्हणजे नदीचा शेवट आबांनी शंभरदा पाहिलेला. सुरुवात एकदाही नाही.

आणि पाहायची इच्छा तर लहानपणापासूनची. आमचे पणजोबा तरुणपणी गाडी-बैल घेऊन भंडारदऱ्याच्या कामावर चुना वाहायला गेले होते. "त्या भितीत आपलाबी चुना हाये," असे ते आबांना सांगत. आबांनी ते आम्हा नातवंडांना सांगितले. पण जायचे म्हटले की कधी लागण निघे, कधी तोड येई, कधी गाय व्यायला होई. असे करता करता गुडघे दुखू लागले. गेल्या भाद्रपदात मी विषय काढला तेव्हा आबा म्हणाले, "आता नाय गेलो तर मग माझा फोटोच न्यावा लागंल तुला." दुसऱ्याच दिवशी जीप ठरवली.

पाटाच्या उलट दिशेने

आम्ही मुद्दाम पाण्याच्या उलट दिशेने गेलो. पहिला मुक्काम संगमनेर तालुक्यातील ओझरचा बंधारा. इथून प्रवरेचा डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. ज्या कालव्याच्या आवर्तनासाठी आपण सात नंबरचे अर्ज भरतो, रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन दारे धरतो, त्याचे हे तोंड. आबा बराच वेळ कठड्याला टेकून उभे राहिले. "हितून निघालेलं पाणी आपल्या टेलाला येस्तोवर किती जागी मुरत आसंल!" एवढेच बोलले.

याच पाण्याच्या भरवशावर लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला, हे आपण सर्वजण जाणतोच. सहकाराची ही वाट पुढे राज्यभर गेली. तिच्या मुळाशी एक बंधारा आणि दोन पाट आहेत, हे इथे उभे राहिल्यावर नीट कळते.

अकोल्यास अगस्ती ऋषींचे दर्शन घेतले. समुद्र पिऊन टाकणारे हे ऋषी प्रवरेच्या काठी बसले आहेत हे आबांना फार आवडले. पुढे निळवंडे धरण लागते. १९७० साली मंजूर झालेल्या या प्रकल्पाचे पाणी कालव्यात सुटायला २०२३ साल उजाडले. मी हे सांगताच आबा म्हणाले, "सत्तर साली तुझा बाप पाळण्यात व्हता. आता त्याला नातू झाला." एवढी वर्षे वाट पाहिलेल्या जिरायती गावांचा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

भिंतीसमोर

राजूर, रंधा धबधबा मागे टाकून शेंडी गावी पोहोचलो आणि समोर भिंत दिसली. हे विल्सन धरण. १९१० साली काम सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झाले. उंची सुमारे २७० फूट, लांबी अर्धा किलोमीटर. सगळे काम दगडाचे आणि चुन्याचे. १९६९ साली भिंतीला तडे गेल्याचे आढळले, तेव्हा मागील बाजूस भक्कम टेकू बांधून तिला मजबुती देण्यात आली. धरणातून पाणी सोडलेले असले की पायथ्याजवळच्या गोलसर खडकावरून ते चहूबाजूंनी छत्रीसारखे कोसळते. त्याला अंब्रेला धबधबा म्हणतात. आमच्या नशिबाने त्या दिवशी तो सुरू होता.

आबांनी टोपी काढली, भिंतीला हात जोडले. मग मला हळूच विचारले, "आपल्या म्हाताऱ्याचा चुना ह्यातला कोन्चा आसंल रं?" मी हसलो. ते हसले नाहीत. बागेतल्या बाकावर बसून ते पाऊण तास त्या भिंतीकडे पाहत होते. बाप आठवत होता की बापाचे बैल, कोणास ठाऊक. मीही विचारले नाही.

रतनवाडीचा चहा

जलाशयाच्या कडेकडेने रस्ता रतनवाडीला जातो. एका अंगाला रतनगड, आणि आभाळ मोकळे असले तर दूरवर कळसूबाई, १,६४६ मीटर उंचीचे आपल्या राज्यातील सर्वोच्च शिखर. रतनवाडीत अमृतेश्वराचे काळ्या दगडाचे शिलाहारकालीन मंदिर आहे, जवळच कोनाड्यांत मूर्ती असलेली पुष्करणी. नद्यांच्या उगमापाशी झंज राजाने जी बारा शिवालये बांधली असे सांगतात, त्यांतले हे प्रवरेचे. आबांच्या गुडघ्यांना गड झेपणारा नव्हता. मंदिर मात्र सपाटीवर असल्याने निवांत पाहता आले.

दर्शन झाल्यावर जवळच्याच एका घरी चहा घेतला. घरची म्हातारी आबांच्याच वयाची. भाताची खाचरे हिरवीगार, खाली पाणी समुद्रासारखे पसरलेले. आबांनी सहज विचारले, "बाई, दारात एवढं पाणी. ऊस नाय का लावीत?"

म्हातारी हसली. म्हणाली, "ऊस कुठला, आमचं भात. पाऊस गेला का संपलं. पाणी खाली, आमी वर. चैत-वैशाखात हंडा घिऊन झऱ्यावर बसावं लागतं. माझ्या आजेसासऱ्याची चांगली खाचरं त्या पाण्याखाली हायती."

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी तुमचंच पाणी म्हणायचं आमच्या उसात."

"आमचं कसलं, देवाचं. पर सांडू नका, म्हंजी झालं."

निघताना आबांनी पिशवीतून आणलेली गुळाची ढेप तिच्या हातात दिली. तिने आम्हाला तांदूळ दिले. नको म्हटले तरी ऐकेना.

पाण्याचा हिशोब

परतीच्या वाटेवर आबांनी विचारले, "हे सगळं पाणी किती एकराला पुरंल?" तो हिशोब सर्व सभासदांनी एकदा मांडून पाहावा असा आहे.

भंडारदरा काठोकाठ भरले म्हणजे ११,०३९ दशलक्ष घनफूट पाणी साठते. एका एकरात तीन इंच पाणी भरायचे तर १०,८९० घनफूट लागते. म्हणजे एक थेंबही वाया न जाता सगळे पाणी शेतात पोहोचले असे धरले, तर सुमारे दहा लाख एकरांचे एकच भरणे होईल. उसाला वर्षभरात पंचवीस भरणी धरा. झाला हिशोब : उणेपुरे चाळीस हजार एकर! आणि हा कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात उन्हाने उडते, पाटात मुरते. गावांच्या पिण्याचे पाणी याच साठ्यातून, इतर पिके याच साठ्यातून. शिवाय २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातील समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार टंचाईच्या वर्षी जायकवाडीलाही पाणी सोडावे लागते.

आमच्या घरी ठिबकचा विषय सहा वर्षे अडलेला होता. "रान भिजलेलं डोळ्याला दिसलं पाहिजे," हे आबांचे म्हणणे आणि त्यापुढे कुणाचे काही चालत नसे. या सहलीनंतरच्या लागणीला ते स्वतःच म्हणाले, "दोन एकरावर नळ्या टाका. बाकीचं मी पघून सांगीन." नळ्या टाकल्या आहेत. आबा अजूनही सकाळी सरीत बोटे खुपसून ओल पाहतात. पूर्ण विश्वास बसलेला नाही. पण उरलेल्या रानासाठी ठिबकवाल्याचा भाव त्यांनीच विचारून ठेवला आहे.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना

संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी असा मार्ग आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तुफान गर्दी होते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन मधल्या वारी जावे. भाद्रपद-आश्विनात पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि पाणीसाठाही चांगला असतो. नेहमीची औषधे, काठी, घोंगडी किंवा शाल बरोबर घ्यावी. धबधब्याजवळचे खडक शेवाळलेले असतात, तिथे वृद्धांना नेऊ नये. धरणाच्या भिंतीवर परवानगीवाचून जाऊ नये. आणि एका दिवसात सगळे उरकण्याचा आग्रह धरू नये. शेंडीत मुक्कामाची सोय होते. म्हातारी माणसे जिथे बसतील तिथे त्यांना बसू द्यावे.

सभासद बंधूंनो, आपल्या घरोघरी असे एखादे आबा, एखादी आजी आहेत. पाट आला तेव्हाच्या, कारखान्याचे शेअर गोळा झाले तेव्हाच्या, बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी त्यांच्याजवळ आहेत. त्या आठवणी घरात बसून निघत नाहीत. त्या त्या जागी नेऊन उभे केले की आपोआप निघतात. पुढच्या आवर्तनाआधी एक दिवस काढा. त्यांना घेऊन आपल्या पाण्याचे घर पाहून या, आणि नातवंडांनाही गाडीत बसवा.