हाताला ठिगळ की पदर?



लोअर हटच्या हट हॉस्पिटलवरून आपण कितीदा जातो! या भागातले प्लास्टिक सर्जरीचे आणि भाजलेल्यांचे युनिट तिथेच आहे. प्लास्टिक सर्जरी म्हटले की आपल्याला नटनट्यांची नाकं आठवतात, पण जखमी हाताची कातडी दुरुस्त करणे हेही त्यांचेच काम.

मुलांनो, हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरा. उचलली जाते ना? आता तळहाताची धरून पाहा. नाही येत! ती आत घट्ट बांधलेली असते, म्हणून तर हातातली वस्तू निसटत नाही. तेव्हा दुरुस्तीही जागा पाहूनच करावी लागते.

जखमेचा तळ जिवंत असेल तर मांडीची पातळ कातडी काढून लावतात. हे झाले ठिगळ. त्याला रक्त खालूनच मिळते, म्हणून उघड्या हाडावर ते धरत नाही. तिथे पदर लागतो, म्हणजे स्वतःच्या रक्तवाहिन्यांसकट आणलेली जाड कातडी. कधी हात जांघेजवळच्या कातडीला शिवून साधारण तीन आठवडे तसाच ठेवतात आणि मग सोडवतात. आता सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या जोडूनही पदर लावतात.

ही पदराची विद्या आपल्या पुण्याकडचीच! इंग्रजांच्या फौजेतला मराठा गाडीवान कावसजी 1792 च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळ एका वीटकऱ्याने कपाळाच्या कातडीचा पदर वळवून त्याला नाक करून दिले. 1794 साली ही हकिकत लंडनच्या मासिकात छापून आली. नाक मिळाले, हात मात्र गेला तो गेलाच. पुढे या शास्त्राला आधुनिक रूप देणारे हॅरल्ड गिलीज 1882 साली जन्मले ते आपल्या न्यूझीलंडमध्येच, डनीडनला.

आजी-आजोबांनो, म्हातारपणी कातडी पातळ होते, जरा आपटली तरी फाटते. हात भाजला तर अंगठ्या-बांगड्या लगेच काढा आणि वीस मिनिटे थंड वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, लोणी, टूथपेस्ट काही लावू नका. जखम खोल असेल, बोट बधिर झाले किंवा वाकत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खर्चाला भिऊन घरी बसू नका. अपघाताच्या उपचाराला इथे एसीसीची मदत मिळते, भेटीला आलेल्या पाहुण्यांनासुद्धा.

आणि टाके निघाले म्हणजे संपले नाही. सांगितलेला व्यायाम केला नाही तर बोटे आखडतात. पुरणपोळी लाटायची आहे ना अजून? मग हात जपा!