बॅटरी उतरते, पण जाते कुठे?

किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. शेजाऱ्याच्या गाडीवरून केबल लावून ती सुरू होते आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा तोच प्रकार. अशा वेळी दुकानात जाऊन नवी बॅटरी बसवणं सगळ्यात सोपं. पण चार्ज खाणारी गोष्ट गाडीतच असेल, तर नवीही तशीच उतरणार. त्याआधी साधा मल्टीमीटर हातात घ्यावा.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्ट दिसले, तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. आता इंजिन सुरू करा. आकडा १३.८ ते १४.५ च्या आसपास चढला, तर अल्टरनेटर काम करतोय. (काही नव्या गाड्यांत संगणक हा दाब मुद्दाम कमी-जास्त करतो, म्हणून एकदाच बघून निकाल देऊ नये.) आकडा हललाच नाही, तर पट्टा, अल्टरनेटर किंवा त्याची वायर बघावी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल, तर आधी ती साफ करा. कित्येकदा दुखणं तेवढंच असतं.

केबल लावून सुरू केलेली गाडी दहा मिनिटं फिरवली की बॅटरी भरली, हा समज मात्र खोटा. लेड-ॲसिड बॅटरी शेवटचा हिस्सा फार सावकाश घेते. पूर्ण भरायला चार्जरवर कित्येक तास लागतात. अर्धवट भरलेली तशीच राहिली, तर प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होत जातं आणि धारणक्षमता कायमची घटते. उन्हाळ्याची उष्णता प्लेटा आणखी लवकर झिजवते.

भरते नीट, तरी उतरते? मग गळती शोधायची. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, संगणक थोडा करंट घेतातच. ५० मिलिॲम्पिअरपर्यंत ठीक. डिकीतला पाच वॅटचा दिवा चिकटून राहिला, तर तो सुमारे ४०० मिलिॲम्पिअर खातो, म्हणजे दिवसाला जवळजवळ १० ॲम्पिअर-अवर. ४५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी अडीच दिवसांत निम्म्याखाली! बाहेरून बसवलेला डॅशकॅम, म्युझिक सिस्टिम, जीपीएस यांच्यावर माझा पहिला संशय असतो, कारण त्यांची वायर अनेकदा थेट बॅटरीवरून ओढलेली असते.

मोजायचं असं: निगेटिव्ह केबल काढा आणि केबल व टर्मिनल यांच्या मध्ये मीटर १० ॲम्पिअरच्या खाचेत लावा. दारं बंद, किल्ली लांब. अर्धा तास थांबा, कारण गाडीतले संगणक झोपायला वेळ घेतात. घाईत बघितलेला आकडा उगाच घाबरवतो. या अवस्थेत सेल्फ मारू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज उडेल. आकडा जास्त असेल, तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला तो धपकन खाली येईल, चोर त्याच सर्किटवर.

आणि सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही, तर अल्टरनेटरमधला डायोड बिघडल्याची शक्यता धरावी. त्याची जाड वायर बहुधा या छोट्या फ्यूजांतून जातच नाही. इलेक्ट्रिशियनकडे गेल्यावर 'बॅटरी बदला' हे ऐकण्याआधी तेवढं तपासून मागावं.