आरसा फुटला, विमा मागावा का?

भिवंडीच्या गल्लीत टेम्पो घासून गेला आणि मोटारीचा बाजूचा आरसा फुटला, तर आपले व्यापारी बंधू आधी पॉलिसी शोधतात. नुसती थर्ड पार्टी असेल तर आपल्या गाडीसाठी एक पैसा मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर मिळतो, पण हिशेब पाहा. समजा, बिल २,००० रुपये. काचेचे ४०० पूर्ण धरतात, प्लॅस्टिकच्या १,६०० पैकी निम्मे घसाऱ्यात जातात (झिरो डेप्रिसिएशनचा जादा हप्ता भरला नसेल तर). राहिले १,२००. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला त्यातले पहिले १,००० आपणच सोसायचे. हाती २०० रुपये! शिवाय पाच वर्षांत ५० टक्क्यांवर गेलेला नो क्लेम बोनस बुडाला. गाडीच्या नुकसानीपोटीचा ४,००० चा हप्ता पुढच्या वर्षी ८,००० च्या घरात. असा आरसा मी खिशातूनच बसवतो. त्याच धडकेत दरवाजाही चेपला असेल, तर मात्र दोन्हींचा मिळून एकच क्लेम करावा.